संशयाचा फायदा

माणसाच्या सद्गुणांची परीक्षा कोठे होते, हा प्रश्न फार जुना आहे. रणांगणावर, राजसभेत, न्यायासनासमोर अशी उत्तरे परंपरेने दिली आहेत. आणि ही सारी स्थळे हजारो डोळ्यांच्या पहाऱ्यातील आहेत. आम्हाला मात्र उत्तरोत्तर असे वाटू लागले आहे की, प्रामाणिकपणा नावाच्या गुणाची पारख करावयाची असेल तर जेथे पाहणारे कोणी नाही, मिळकत अल्प आहे आणि जय-पराजयाची एक ओळही दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येणार नाही, अशा ठिकाणी जावे. व्यावसायिक महिला टेनिसमधील खालच्या पायरीची, बंदिस्त सभागृहात भरणारी स्पर्धा हे असे एक ठिकाण आहे. साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत टेनिसचे काय काम, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा. आमचा विषय चेंडू हा नाही. तो रेषेवर पडला की रेषेबाहेर, हे सांगणारी जीभ हा आमचा विषय आहे.

टेनिस म्हटले की विम्बल्डनची हिरवळ आणि खच्चून भरलेली प्रेक्षागारे डोळ्यांसमोर उभी राहतात. तो या खेळाचा कळस झाला. त्याच्या खाली पायऱ्यांचा मोठा विस्तार आहे आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छत्राखाली दरवर्षी जगभर स्त्रियांसाठी शेकडो लहान स्पर्धा भरतात. त्यांची पायऱ्यांनुसार प्रतवारी केलेली असते. 'डब्ल्यू १५' मध्ये सर्व खेळाडूंत मिळून वाटावयास १५,००० अमेरिकन डॉलर असतात. ही सर्वांत खालची पायरी. २०१६ पर्यंत ती १०,००० डॉलरांची होती. तिच्यावर आज ३५, ५०, ७५ आणि १०० या आकड्यांच्या पायऱ्या आहेत. यांतील ३५ ची पायरी २०२४ पूर्वी २५ ची होती. येथे मिळविलेल्या गुणांच्या बळावर जागतिक क्रमवारीत नाव लागते, आणि ते पुरेसे वर सरकले तरच मोठ्या स्पर्धांची दारे किलकिली होतात.

युरोपात थंडी सुरू झाली की यांतील कित्येक स्पर्धा छपराखाली जातात. इंग्लंडमधील श्रूसबरी, स्कॉटलंडमधील ग्लासगो, फ्रान्समधील प्वातिए, जर्मनीतील आल्टेनकिर्शेन ही अशा बंदिस्त स्पर्धांची काही गावे. आल्टेनकिर्शेनला तर गालिच्यासारख्या आच्छादनावर खेळतात, जे मोठ्या स्पर्धांतून केव्हाच हद्दपार झाले. बाहेर पाऊस किंवा बर्फ, आत विजेच्या दिव्यांचा एकसारखा उजेड, आणि भिंतींवर आदळून परत येणारा चेंडूचा टणत्कार, असे तेथील वातावरण असते. खालच्या पायऱ्यांवर प्रेक्षक म्हणावेत तर एखादीची आई, एखादा प्रशिक्षक, आपल्या सामन्याची वाट पाहत बसलेल्या दोन खेळाडू आणि सहज डोकावलेला क्लबचा एखादा सभासद. मुख्य स्पर्धेच्या आधी ज्या पात्रता फेऱ्या होतात, त्यांना पुष्कळदा तेवढेही नसतात.

या पात्रता फेऱ्यांतच आमचा प्रश्न उभा राहतो. खालच्या पायरीवर अनेकदा प्रत्येक सामन्याला खुर्चीवर बसणारा पंच देणे परवडत नाही, मग रेषेवरील पंचांची गोष्टच सोडा. एक-दोन फिरते पंच अनेक सामन्यांवर मिळून लक्ष ठेवतात. एरवी न्याय खेळाडूंनीच करावयाचा. नियम असा की, जाळीच्या आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय ज्याचा त्याने द्यावा. चेंडू बाहेर पडला असेल तर तत्काळ आणि प्रतिस्पर्ध्याला ऐकू जाईल असे सांगावे. जिच्याकडे चेंडूफेक आहे तिने प्रत्येक गुणापूर्वी गुणसंख्या मोठ्याने उच्चारावी. आणि यांतील सर्वांत महत्त्वाचे कलम असे आहे: संशय असेल तर त्याचा फायदा प्रतिस्पर्ध्याला द्यावा.

आमचे आयुष्य शासकीय सेवेत गेले. चौकशीची प्रकरणे हाताळताना नैसर्गिक न्यायाचे एक तत्त्व आम्हाला पदोपदी आठवावे लागे, ते म्हणजे स्वतःच्या प्रकरणात कोणीही स्वतः न्यायाधीश असू नये. जगातील बहुतेक न्यायव्यवस्था या तत्त्वावर उभ्या आहेत. फिर्यादीनेच निकालपत्र लिहावे, असे कोणत्याही कायद्यात आढळणार नाही. येथे मात्र ज्या मुलीचा गुण जाणार आहे तिनेच तो गेला की नाही हे सांगावयाचे आहे. कायद्याच्या दृष्टीने ही व्यवस्था अशक्य कोटीतील म्हणावी लागेल. तरीही ती चालते, आणि ज्या एका कलमाच्या आधाराने चालते ते संशयाच्या फायद्याचे कलम आहे. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि देणारा न्यायाधीश तिऱ्हाईत असतो. त्याच्या खिशातून काही जात नाही. येथे देणारीच्या पदरचे जाते. स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश व्हावयाचे असेल तर शंकेच्या प्रत्येक वेळी स्वतःविरुद्ध निकाल देण्याची तयारी ठेवावी, हा त्या नियमाचा मथितार्थ आहे. नीतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांतही इतक्या थोडक्या शब्दांत इतके सांगितलेले आमच्या वाचनात नाही.

बंदिस्त सभागृहाने ही परीक्षा आणखी कठीण केली आहे. मातीच्या मैदानावर चेंडूचा ठसा उमटतो. दोघींत वाद झाला तर जाळीपलीकडे जाऊन तो ठसा पाहता येतो. पृथ्वीच साक्ष देते म्हणावयाचे. सभागृहातील टणक पृष्ठभागावर किंवा गालिच्यावर ग्राह्य धरावा असा ठसा राहत नाही. उघड्यावर 'ऊन डोळ्यांवर आले', 'वाऱ्याने चेंडू वळला' अशी सबब तरी सांगता येते. येथे तीही नाही. चेंडू टेकला, उसळला आणि निघून गेला. तो कोठे टेकला हे क्षणभर एकाच व्यक्तीला ठाऊक होते, आणि ते सांगणे न सांगणे तिच्या हाती उरले.

महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला भर सभेत दुष्यंताला बजावते की, 'मी एकटा आहे, मला कोणी पाहत नाही,' असे समजू नकोस. सूर्य, चंद्र, वायू, अग्नी, आकाश, पृथ्वी, जल, स्वतःचे हृदय, दिवस आणि रात्र हे सारे माणसाच्या आचरणाचे साक्षी असतात. ही साक्षीदारांची यादी या सभागृहात लावून पाहिली तर एकेक नाव गळत जाते. सूर्य-चंद्र छपराबाहेर राहिले. वारा आत येत नाही. पृथ्वी गालिच्याखाली झाकली गेली. दिवस आणि रात्र विजेच्या दिव्यांनी सारखीच करून टाकली. यादीत उरले ते हृदय. आमच्या या कन्नड-मराठी भूमीत कनकदासांची कथा सर्वपरिचित आहे. गुरूंनी शिष्यांना एकेक केळे देऊन, कोणी पाहत नसेल तेथे जाऊन खाण्यास सांगितले, आणि ईश्वर पाहत नाही अशी जागाच सापडली नाही म्हणून कनकदास केळे तसेच घेऊन परतले. श्रद्धावंताला हे उत्तर पुरेसे आहे. परंतु त्या सभागृहात खेळणारी मुलगी नास्तिक असली तर? प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन हाच प्रश्न विचारतो: माणसाला अदृश्य करणारी अंगठी मिळाली तर न्यायी आणि अन्यायी माणसाच्या वागण्यात काही फरक राहील काय? ग्लॉकनची अंगठी काल्पनिक होती. पंच नसलेल्या सामन्यात ती दोन्ही खेळाडूंच्या बोटांत प्रत्यक्ष असते.

याच खेळाच्या शिखरावर काय चालले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन या दोन्ही खुल्या स्पर्धांनी २०२१ मध्ये सर्व मैदानांवरील रेषापंच काढून त्यांच्या जागी कॅमेरे बसविले. २०२५ मध्ये विम्बल्डननेही आपली शतकाहून जुनी परंपरा सोडून तोच मार्ग धरला. यंत्र अचूक आहे, वादंग मिटले, हे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर तेथील खेळाडूला रेषेच्या बाबतीत खरे बोलण्याची गरजही उरली नाही. खोटे बोलण्याची सोयच नाहीशी झाली. ज्याला खोटे बोलताच येत नाही त्याला सत्यवादी म्हणावे काय, हा तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने सोडवावा असा प्रश्न आहे. एवढे खरे की, जो गुण वरच्या मजल्यावर यंत्राच्या स्वाधीन झाला, तो तळमजल्यावर अजून माणसाकडून मागितला जातो. आणि मागितला जातो तो सर्वांत कमी मोबदला मिळणाऱ्यांकडून.

मोबदल्याचे आकडे बोलके आहेत. १५,००० डॉलरांच्या स्पर्धेत मुख्य फेरीत येऊन पहिलाच सामना हरणाऱ्या मुलीच्या हाती दीडशे डॉलरांच्या जवळपास रक्कम पडत आली आहे, आणि तीतून त्या त्या देशाचा करही कापला जातो. पात्रता फेरीत हरणारीला बहुधा तेवढेही नाही. महासंघाने स्वतःच २०१३ सालच्या आकडेवारीचा अभ्यास करून घेतला होता. त्यात असे आढळले की, प्रशिक्षकाचा पगार सोडून केवळ प्रवास, निवास, जेवण आणि साहित्य यांवर व्यावसायिक स्त्री-खेळाडूला वर्षाला सरासरी ४०,००० डॉलरांच्या वर खर्च येतो. बक्षिसांतून हा खर्च भरून निघण्यासाठी जागतिक क्रमवारीत साधारण २५३ व्या क्रमांकाच्या वर असावे लागते. स्त्री-पुरुष मिळून सुमारे १४,००० खेळाडू त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत उतरले, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना बक्षिसादाखल एक छदामही मिळाला नाही. अशा परिस्थितीत घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पाठविलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला पात्रता फेरीतील एका गुणाची किंमत काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

रेषेवरील चेंडूचा मोह लहान आहे. याहून मोठा मोह मुख्य फेरीत भेटतो, जेथे खुर्चीवर पंच असतो. पंचाच्या हातातील यंत्रातून गुणसंख्या क्षणोक्षणी बाहेर जाते आणि तिच्यावर जगभर पैजा लागतात. लहान स्पर्धांचे हे गुण विकण्याचा करार महासंघाने २०१२ मध्ये केला. पुढे त्याचे नूतनीकरण झाले तेव्हा पाच वर्षांसाठी त्याची किंमत सुमारे सात कोटी डॉलर असल्याचे प्रसिद्ध झाले होते. सभागृहात दहा माणसे नसतात, पण सभागृहाबाहेर सट्टेबाजांचा अदृश्य बाजार भरलेला असतो. 'सामना हरू नकोस, फक्त दुसरा सेट सोड,' एवढ्यासाठी साऱ्या स्पर्धेच्या कमाईहून अधिक रक्कम देऊ करणारे दलाल याच बाजारातून येतात. २०१६ मध्ये नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. तीन हजारांहून अधिक खेळाडूंना तिने प्रश्न विचारले. त्यांतील ४६४ जणांनी अशा संगनमताची आपल्याला प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले. खालच्या स्तरावरील गुणांची विक्री हे या रोगाचे एक मोठे कारण आहे, असेही समितीने स्पष्ट म्हटले. हा रोग पुरुषांत अधिक आणि स्त्रियांत कमी आढळला, हीही नोंद करणे न्याय्य होईल. २०२३ मध्ये बेल्जियममधील न्यायालयाने अशा एका जाळ्याच्या सूत्रधारास पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. त्याच्या जाळ्यात निरनिराळ्या देशांतील शंभराहून अधिक खेळाडू असल्याचे तपासात पुढे आले होते, आणि ते मुख्यतः खालच्या क्रमांकांचे होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्यांना आपण पोटापुरते देत नाही, त्यांच्याकडून शुद्ध सचोटीची अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही आम्हाला अपुरी वाटतात. पहिले उत्तर कर्मठांचे: नियम तो नियम, गरिबी ही सबब नव्हे, दोषीला हाकलून द्या. दुसरे उत्तर दयाळूंचे: व्यवस्थाच अन्यायी आहे, मग बिचाऱ्या मुलीला बोल का लावता? शासकीय कचेऱ्यांतही ही दोन्ही उत्तरे आम्ही वर्षानुवर्षे ऐकली. एखादा कनिष्ठ कर्मचारी किरकोळ रक्कम घेताना सापडला की अर्धी कचेरी त्याला फाशी द्यावयास निघे आणि उरलेली अर्धी त्याच्या मुलाबाळांची संख्या सांगू लागे.

कर्मठांना आम्ही असे विचारू की, ज्याने मोहाचा बाजार मांडला आणि त्याचे भाडे घेतले, त्याचा दोष कोणत्या रकान्यात लिहावयाचा? कोट्यवधी डॉलरांना गुण विकावयाचे, ते गुण मिळविणारीला दीडशे डॉलर द्यावयाचे, आणि वर तिला सचोटीचे व्याख्यान द्यावयाचे, हे कोणत्याही नीतीत बसत नाही. मोहात पाडणारा आणि मोहाची सोय करून ठेवणारा हे दोघेही पापाचे वाटेकरी आहेत, ही गोष्ट आपल्या परंपरेने कधी नाकारलेली नाही.

दयाळूंना आमचे सांगणे थोडे निराळे आहे. ती मुलगी चेंडू बाहेर गेल्याचे खोटेच सांगते तेव्हा ती महासंघाला फसवीत नाही, गुणांच्या व्यापाऱ्यालाही नाही. ती फसविते जाळीपलीकडच्या मुलीला. आणि ती मुलगीही तितकीच गरीब, तितक्याच दूरवरून, तशाच स्वस्त खोलीत उतरून आलेली असते. गरिबाच्या लबाडीचा पहिला बळी बहुधा दुसरा गरीबच असतो. आपल्याकडे शेताचा बांध कोरणारा दरवर्षी वीतभरच कोरतो, आणि कोरतो तो शेजारच्या अल्पभूधारकाचा. जमीनदाराच्या बांधाला हात लावण्याची त्याची छाती नसते. म्हणून व्यवस्थेवरील राग कितीही रास्त असला, तरी त्याची भरपाई शेजाऱ्याच्या बांधातून करून घेता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, सचोटीचे फळ शेवटी मिळतेच, वेळ लागतो इतकेच. असे आश्वासन आम्ही देणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर २५,००० डॉलरांची अशीच एक लहान स्पर्धा झाली. ती बंदिस्त नव्हती, आपल्याकडील हवेत त्याची गरजही नाही. पायरी मात्र तीच. ती स्पर्धा सतरा वर्षांच्या एमा राडुकानू या ब्रिटिश मुलीने जिंकली. पावणेदोन वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, तीच मुलगी पात्रता फेरीतून सुरुवात करून, एकही सेट न गमावता अमेरिकन खुल्या स्पर्धेची विजेती झाली. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती पहिलीच खेळाडू. कथा खरी आहे आणि कोणालाही आनंद व्हावा अशीच आहे. परंतु पुण्याच्या त्या स्पर्धेत खेळलेल्या इतरांची कथा कोण सांगणार? त्यांतील बहुतेकींना शिखर दिसले नाही, पुढेही दिसणार नाही. प्रामाणिकपणाचे समर्थन यशाच्या आधारावर केले तर अयशस्वी माणसाला प्रामाणिक राहण्याचे कारणच उरत नाही. आणि जगात अयशस्वी माणसेच अधिक आहेत.

मग कारण कोणते? आम्हाला सुचते ते असे. पंच नसलेल्या सभागृहात त्या दोन मुलींपाशी जाळी आहे, चेंडू आहे, रेषा आहेत. आणि तरीही एवढ्या सामग्रीने सामना होत नाही. जाळीपलीकडून येणारा शब्द खरा आहे असे दोघींनी धरून चालावे, तेव्हाच सामना सुरू होतो. तो शब्द खोटा ठरला की उरते ते नुसते चेंडू बडविणे. खोट्या शब्दाने गुण मिळविणारीला गुण मिळतो. पण ज्या खेळासाठी तिने घर सोडले, तो खेळ त्या क्षणी तेथे राहत नाही. चोरलेल्या हस्तलिखितावर आपले नाव घालणाऱ्याला लेखक म्हणून मान मिळेल. लिहिल्याचे समाधान त्याला कोठून मिळणार? नियमही या बाबतीत माणसाला ओळखून आहे. घाईत 'बाहेर' म्हटले आणि लगेच चेंडू आत होता असे जाणवले, तर तसे सांगण्याची मुभा आहे. पहिल्या वेळी सर्वसाधारणपणे तो गुण पुन्हा खेळला जातो. चूक दुरुस्त करण्यास जागा ठेवून मगच त्याने सचोटी मागितली आहे.

आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी हाती रॅकेट धरली असेल. परंतु पंच नसलेले सामने आपणा सर्वांच्याच आयुष्यात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहून आपल्या पूर्वजांनी जी वाचनालये, मंडळे आणि शाळा चालविल्या, त्यांच्या वर्गणीच्या वह्या तपासावयास कोणता लेखापरीक्षक येत होता? विभक्त होताना थोरल्याने धाकट्याच्या वाट्याची भांडी मोजली, तेव्हा आत किती होती हे धाकट्याला कोठे ठाऊक होते? जेथे हिशेब चोख राहिला, तेथे कोणीतरी शंका आली असता आपल्या पदरचे चार आणे घालून तो जुळविला होता. त्या माणसांची नावे संस्थेच्या शिलालेखावर नाहीत, देणगीदारांची आहेत. संस्था मात्र त्या चार आण्यांवर टिकली.

बक्षिसाच्या रकमा वाढाव्यात, गुणांचा बाजार आवरावा, खालच्या पायरीवरही पंच मिळावेत, हे सर्व झालेच पाहिजे, आणि ते करणे वरच्यांचे कर्तव्य आहे. एखादे दिवशी कॅमेरे त्या लहान सभागृहांपर्यंतही पोहोचतील. तोपर्यंत हिवाळ्यातील एखाद्या सकाळी, रिकाम्या बाकांसमोर, जगाला नावही ठाऊक नसलेली एक मुलगी रेषेला निसटता स्पर्श करून गेलेल्या चेंडूकडे पाहील, हात न उचलता परत फिरेल, आणि जाळीपलीकडची मुलगी पुढचा चेंडू हाती घेऊन गुणसंख्या मोठ्याने सांगेल. ती ऐकणाऱ्या दोघीच असतील, आणि दोघींनाही ती मान्य असेल.